नकाशा मोबाईलवरचा, जमीन आपली: सातारा-सांगलीत घर बांधताना या चुका टाळा

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो. त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये पाचशे मिलिमीटरची मारामार असते. दोन्हींतलं अंतर सरळ रेषेत जेमतेम शंभर किलोमीटर. खाली सांगलीच्या कृष्णाकाठी माणूस उभा गाडला जाईल एवढी काळी माती, तर जत-आटपाडीकडे फूटभर खणलं की कुदळीतून ठिणग्या. एवढे चार तऱ्हेचे मुलूख शेजारी शेजारी असताना नवी घरं मात्र सगळीकडे एकाच साच्यातली उभी राहतायत: सपाट स्लॅब, समोर उंच काच, चज्जे गायब, करडा रंग आणि दर्शनी बाजूला कशालाच आधार न देणारा एक तिरका बीम. नकाशा मोबाईलवर आलेला असतो, मिस्त्री म्हणतो "करून देतो की", आणि दोन पावसाळे उलटले की तक्रारी सुरू होतात. तक्रारी मात्र गावागणिक वेगळ्या असतात.

काळ्या रानातलं घर

सगळ्यात महागात पडणारी चूक इथे होते, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

वाळवा, पलूस, मिरज, कराडच्या नदीकाठची काळी माती पाणी प्याली की फुगते आणि वाळली की आटते. मे महिन्यात रानात मनगटापर्यंत हात जाईल अशा भेगा पडतात, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. पण त्याच रानाच्या कडेला वस्तीवर घर बांधताना तोच माणूस चार फुटांवर "लागला की कठीण थर" म्हणून पाया भरायला घेतो. लागलेला थर म्हणजे उन्हाळ्यात वाळून टणक झालेली मातीच असते. ही फुगण्या-आटण्याची हालचाल खोल मातीत साधारण साडेतीन मीटरपर्यंत चालते. त्यामुळे एकतर मुरूम किंवा खडक लागेपर्यंत खाली जायचं, नाहीतर अंडर रीम्ड पाइल घालायचे. यात जमिनीत बोअर घेऊन त्याच्या खालच्या भागाला फुगवटा देतात, काँक्रीट भरतात आणि वरून सगळे पाइल बीमने एकमेकांना बांधतात. या बीमखाली थोडी पोकळी सोडावी लागते, नाहीतर फुगलेली माती बीमलाच वर ढकलते. मिस्त्री नेमकी ही पोकळी बुजवून टाकतात, कारण त्यांना ते काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. ओतकामाच्या दिवशी स्वतः वाकून बघा.

दुसरा प्रकार जोत्याचा. पायातून निघालेली काळी माती फुकटची म्हणून जोत्यात भरतात. पुढे न्हाणीची पाइप कुठेतरी गळायला लागली की सोप्याची फरशी मध्येच उचलते आणि दार खाली घासायला लागतं. मग सुताराला बोलावून दार तासतात! माती काढून मुरूम भरायला हवा, तोही एकदम न ओतता सहा-सहा इंचांच्या थरांनी, पाणी मारून आणि धुम्मसाने ठोकून.

घर आधीच बांधून झालंय आणि तडे गेलेत, तर घाबरण्याआधी तडा नीट वाचा. खिडकीच्या किंवा दाराच्या कोपऱ्यातून तिरका निघालेला, एप्रिलमध्ये उघडणारा आणि श्रावणात मिटत येणारा तडा हा पायाखालच्या मातीचा. वरच्या मजल्यावर स्लॅबच्या लगेच खाली आडवी रेघ गेली असेल तर ती उन्हाने स्लॅब ताणला-आकसल्याने पडलेली असते, पायाचा तिच्याशी संबंध नाही. कॉलम आणि वीटकाम जुळतात तिथली सरळ उभी रेघ म्हणजे प्लास्टर करण्याआधी तिथे जाळी मारायची राहिली. आणि कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक चिरा म्हणजे प्लास्टरला पाणी कमी पडलं किंवा सिमेंट जास्त झालं, त्यावर रंग मारा आणि विसरा. शंका असेल तर तड्यावर आडवी काचेची पातळ पट्टी प्लास्टर ऑफ पॅरिसने दोन्ही टोकांना चिकटवा, शेजारी पेन्सिलने तारीख लिहा. पट्टी तडकली तर तडा जिवंत आहे. जिवंत तड्यात दर दिवाळीला पुट्टी भरणं म्हणजे पैसे भिंतीत घालणं. आधी पायाखालचं पाणी आवरा.

ते येतं कुठून? वस्तीवरच्या घरांना एका बाजूला ऊस असतो आणि त्याला पाट-पाणी चालू असतं, दुसऱ्या बाजूला कोरडं अंगण. एक कडा भिजलेली, दुसरी वाळलेली, मग घर एका अंगाला उचलणारच. उसाची सरी भिंतीपासून जमेल तेवढी लांब ठेवा, घराभोवती बाहेर उतार दिलेला किमान तीन-चार फुटांचा काँक्रीटचा पट्टा करा, छपराचं पाणी पन्हळीने दूर सोडा. झाड लावायचं तर ते वाढून जेवढं उंच होणार तेवढ्या अंतरावर. दारात गुलमोहर सुंदर दिसतो, पण काळ्या मातीत तो उन्हाळाभर पायाखालची ओल ओढत बसतो.

सांगलीकडच्या क्षारपड पट्ट्यात आणखी एक भानगड आहे. अतिपाण्याने वर आलेले क्षार भिंतीतून चढतात, दोन-तीन फुटांपर्यंत पांढरा लोणा फुटतो आणि प्लास्टरचे पोपडे पडतात. लोक त्यावर टाइल लावतात, मग लोणा टाइलच्या वर निघतो. जोत्याच्या पातळीवर ओलरोधक थर घातला नसेल तर हे होणारच. तो बांधतानाच घालायचा असतो, नंतर इंजेक्शन देऊन वगैरे जमतं, पण खर्च डोळ्यांत पाणी आणतो. बोअरचं खारं पाणी काँक्रीटला वापरू नका, हेही आलंच.

पुराची रेषा

सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोका पातळी. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं, आणि २००५ व २०२१ चे पूरही लोकांच्या भिंतींवर अजून दिसतात. प्लॉट घेताना निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते हे नकाशावर बघा. निळी साधारण पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. दलाल "इथं कधी पाणी येत नाही" म्हणाला तर शेजारच्या जुन्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.

राहायचंच तिथे तर तळमजल्याची सजावट त्या हिशेबाने करा. प्लायचं फर्निचर, जिप्समचं छत, भिंतीला वॉलपेपर हे वरच्या मजल्यावर. खाली शहाबादी किंवा कोटा फरशी, कडाप्प्याचे कप्पे, साधा रंग. मीटर आणि विजेचे बोर्ड वर चढवा, वायर छताकडून खाली आणा. सेप्टिक टाकीच्या पाइपला उलटं पाणी रोखणारा व्हॉल्व्ह बसवायचं कुणालाच सुचत नाही. पूर दारातून यायच्या आधी संडासातून घरात येतो.

आणि पूर ओसरल्यावर रंगाची घाई करू नका. गणपती तोंडावर असतात हे मान्य, पण नऊ इंची भिंत आतून वाळायला महिने जातात. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारी बाजूंनी चिकटपट्टीने बंद करून एक दिवस ठेवा. आतल्या बाजूला थेंब धरले तर भिंत ओली आहे. अशा भिंतीवर पुट्टी आणि प्लास्टिक पेंट म्हणजे ओल आत कोंडणं. तोवर चुन्याची सफेदी मारा, ती भिंतीला वाळू देते.

डोंगरातला पाऊस

महाबळेश्वर, पाचगणी, बामणोली, पाटणच्या वरच्या अंगाला सपाट उघडा स्लॅब घालून त्यावर केमिकलचा डबा ओतण्यापेक्षा उतरतं छप्पर घाला, विषय संपला. सपाटच हवा असेल तर कोब्याला, म्हणजे स्लॅबवरच्या पाणी अडवणाऱ्या थराला, निदान शंभर फुटांना एक फूट उतार, पॅरापेटच्या (कठड्याच्या) बुडाशी कोपरा भरून केलेला गोल वाटा, आणि कोबा झाल्यावर गच्चीत पाणी तुंबवून दोन-तीन दिवस चाचणी. गळती स्लॅबच्या मधून क्वचित होते; ती होते पाइपच्या तोंडाशी आणि पॅरापेटच्या सांध्यात. आधी तिथे बघा.

इथला पाऊस सरळ पडतो कमी आणि आडवा झोडपतो जास्त, तोही पश्चिमेकडून. त्या बाजूला बिनचज्ज्याची मोठी खिडकी आणि आत भिंतीला चिकटून कपाट, हे जुळून आलं की आषाढात कपड्यांना बुरशी. कपाट मधल्या भिंतीला न्या, किंवा मागे दोन इंच जागा आणि वर-खाली हवेला वाट ठेवा. जांभ्याचं बांधकाम असेल तर बाहेरून चकचकीत क्लिअर कोट मारायचा मोह आवरा. दगडात शिरलेलं पाणी बाहेर यायला जागा राहत नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तेव्हा तिथे उंची, झाडं, उतार यांची परवानगी आधी आणि नकाशा नंतर.

वाड्याची डागडुजी

वाई, सातारा, मिरजेतले जुने वाडे विकून टाकण्याऐवजी लोक दुरुस्त करून राहू लागलेत, ही चांगली गोष्ट. पण पहिलं काम होतं ते सिमेंटचं. खाली काळा पाषाण, वर विटा किंवा पांढरी माती, सांध्यात चुना अशा भिंतीतून ओल चढते आणि चुन्यातून सावकाश उडूनही जाते. त्यावर सिमेंटचा गिलावा बसला की उडायची वाट बंद. ओल आणखी वर चढते, आणि भिंतीत रुतलेली तुळयांची टोकं आतून कुजायला लागतात. वरून कडीपाटाला, म्हणजे लाकडी छताला, पॉलिश मारलेलं असतं, सगळं छान दिसतं. अशा वाड्यात तुळईच्या टोकाशी दाभण टोचून बघा: चांगल्या सागवानात ते जेमतेम शिरतं, कुजलेल्यात अर्धं आत जातं.

चुन्याच्या भिंतीला चुनाच. मुरवलेला चुना, चाळलेली वाळू, थोडी विटेची सुरखी. हे काम येणारे गवंडी कमी उरलेत, शोधावे लागतात, आणि वेळ लागतो.

दुसरी चूक चौकाची. पावसाचा आणि कबुतरांचा त्रास म्हणून चौकावर पॉलिकार्बोनेटचे पत्रे घालून चारी बाजू बंद करतात. झालं, वाड्याचं धुराडंच बुजवलं. सोप्यातली गरम हवा चौकातून वर जायची, ती आता आत फिरते आणि मग एसी लागतो. छत घालायचंच तर भिंतीच्या वर दोन फूट उचलून, बाजू मोकळ्या ठेवून. दिवाणखाना मोठा हवा म्हणून माजघराचा खांब काढणाऱ्यांबद्दल मी लिहीत नाही, त्यांना वरच्या मजल्यावर झोपायला सांगावं.

कोयनेची आठवण

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यात पडली ती प्रामुख्याने दगडमातीची घरं. दोन बाजूंनी दगड रचून मध्ये खरमाती भरलेल्या भिंती फुगून सुटल्या, कारण आरपार जाणारे लांब दगड त्यांत नव्हते. आजची चूक वेगळी. खाली गाड्या लावायला सगळं मोकळं, नुसते कॉलम, आणि वर दोन मजले भिंतींनी भरलेले. हलवलं की सगळा ताण त्या खालच्या कॉलमवर येतो. पाटण-कराडकडे तरी खालच्या मजल्याला काही भिंती ठेवा आणि कॉलमच्या उभ्या सळ्यांना बांधणाऱ्या रिंगा मोजून घ्या. बीमच्या सांध्यापाशी त्या एकमेकींच्या जवळ हव्यात आणि त्यांची टोकं आत वळवलेली हवीत.

पूर्वेचं ऊन

माण-खटाव, आटपाडी, जत. इथल्या जुन्या माळवदाच्या घरात दुपारी झोप लागायची ती दीड-दोन फुटी भिंती आणि वर मातीचा जाड थर यांमुळे. पाच इंची स्लॅब संध्याकाळपर्यंत ऊन पितो आणि रात्रभर खोलीत सोडतो. माळवद परत आणा असं कुणी म्हणत नाही, पावसाळ्यात ते गळायचंही. पण गच्चीवर पांढऱ्या टाइलच्या तुकड्यांचा थर किंवा निदान दर उन्हाळ्याला चुना, पश्चिमेला खिडकीऐवजी जिना-संडास-कोठी, आणि दर्शनी काच रद्द. काचेवर काळी फिल्म लावून फारसं काही होत नाही, ऊन बाहेरच अडवायला हवं. गच्चीचं पाणी टाकीत उतरवायची सोय या भागात नकाशातच हवी, तरी अजूनही ती कुणी मागत नाही.

आतली सजावट

फॉल्स सीलिंगबद्दल थोडक्यात: साडेनऊ फुटी खोलीत ते करू नका, पंखा डोक्यावर येतो. अंगणाला आणि पायऱ्यांना गुळगुळीत टाइल किंवा पॉलिश ग्रॅनाइट नको, पहिल्या पावसात आजी घसरतात.

खरी गडबड स्वयंपाकघरात. शोरूममधल्या मॉड्यूलर किचनमध्ये ज्वारीचं पोतं कुठे ठेवायचं? कांदा-लसूण चटणीचं वर्षाचं काम कुठे करायचं? खरकटी भांडी घासायला मागे मोरी नसेल तर ती सिंकमध्ये साचणार, आणि मिरची भाजल्यावर चिमणी काहीही म्हणो, घर खोकणारच. मागच्या बाजूला छपराखाली एक मोकळा कट्टा, नळ आणि चुलीची किंवा शेगडीची जागा ठेवा. पैसे उरले तर मग सॉफ्ट क्लोज ड्रॉवर.

कट्ट्याची उंची सगळीकडे चौतीस इंच धरतात. भाजी चिरायला ती बरी, भाकरी थापायला नाही. खांदे वर उचलून थापावं लागतं आणि वर्षभरात मान धरते. भाकरीसाठी दोन-अडीच फुटांचा एक तुकडा खाली घ्या, अठ्ठावीस ते तीस इंचांवर. माप काढताना घरात जी भाकरी करते तिलाच उभं करा, आणि काठवटीची तीन इंच धरायला विसरू नका.