नारळाच्या रसातला कोको, न बोलता ढवळलेला

'सेरेमोनियल ग्रेड', म्हणजे विधीसाठीच्या दर्जाचा, असं छापलेल्या काकाओच्या (कोको ज्यापासून बनतो त्या बियांच्या) पाकिटाची किंमत वाचून मी ते परत फळीवर ठेवते. तसा दर्जा ठरवणारा कायदा नाही. विकणारा म्हणेल तो दर्जा. मध्य अमेरिकेतले माया लोक काकाओ देवाला वाहायचे, लग्नकार्यात प्यायचे, उंचावरून एका भांड्यातून दुसऱ्यात ओतून फेस आणायचे. तो विधी त्यांचा, मंत्रही त्यांचे. उसने आणून मिरवू नयेत. आपल्याकडे शिरवाळ्यांबरोबर गूळ घातलेला नारळाचा रस असतोच. मी त्यातच कोको घालून पुडिंगसारखं घट्ट, गार गोड करते.

साधी, बिनसाखरेची कोको पावडर घ्या. पाकिटावर 'अल्कलाइज्ड' (क्षार वापरून आंबटपणा कमी केलेली) लिहिलेली काळपट असते आणि चवीला मवाळ. मला तशी न केलेली, फिकट, किंचित आंबट लागणारी आवडते.

एक नारळ खवून दाट रस अर्धी वाटी बाजूला काढा. त्याच चोथ्यात कोमट पाणी घालून पातळ रस दीड वाटी काढा. फोन दुसऱ्या खोलीत ठेवा. घरच्यांना आधीच सांगा, थोडा वेळ हाक मारू नका म्हणून. (आमच्याकडे तरीही मारतात.)

पातळ रसात अर्धी वाटी चिरलेला गूळ विरघळवून गाळून घ्या, गुळात खडे निघतातच. आता तीन चमचे कोको आणि दोन सपाट मोठे चमचे कॉर्नफ्लोअर एका वाटीत घ्या. त्यावर दोन चमचे रस घाला आणि थांबून बघा. कोकोत चरबी असते, त्यामुळे तो भिजायला तयार नसतो. वर ओलसर, आत कोरडी अशी भुकटी तरंगत राहते. चमच्याच्या पाठीनं कडेला दाबत, गोल घोटत राहा. एकदम रस ओतलात तर गाठी होणारच. हळूहळू ते चकचकीत होतं, वास बदलतो. मी इथे नामस्मरण करते. कुणाला श्वास मोजायचा असेल तर तेही चालेल.

हे मिश्रण रसात घालून मंद आचेवर सतत ढवळा. सुरुवातीला काहीच घडत नाही आणि नेमकं तेव्हाच मन भाजीच्या यादीकडे पळतं. पळालं की लक्ष चमच्याच्या टोकावर आणायचं. मग तळाशी जड लागू लागतं, चमचा ओढला की तळ क्षणभर दिसतो. एक-दोन बुडबुडे फुटले की मिनिटभर आणखी शिजवून गॅस बंद करा. दाट रस, चिमूटभर मीठ आणि जायफळ आता घाला. दाट रस उकळला तर फुटतो.

वाट्यांत ओतून गार झाल्यावर दोन तास फ्रीजमध्ये ठेवा. पहिली वाटी देवापुढे, मग बाकीच्यांच्या. पहिला घास तरी न बोलता खा.

रात्री उशिरा नको. कोकोतल्या थिओब्रोमिन या उत्तेजक द्रव्यानं झोप उडू शकते. आणि कुत्रं पाळलेलं असेल तर भांडं चाटायला त्याच्यापुढे अजिबात ठेवू नका, कोको त्यांना विषारी असतो.