पोट घट्ट करायचंय? चादर अंथरा, पंधरा मिनिटं काढा

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो, म्हणजे महिन्याभराने चिडचिड नको. पोटाचे व्यायाम केले म्हणून पोटावरचीच चरबी उतरत नाही. चरबी कमी होते ती सगळ्या अंगाची, आणि आधी कुठली जाणार हे आपल्या हातात नसतं. या व्यायामांनी स्नायू मजबूत होतात, पोट आत धरलं जातं आणि कमरेला आधार मिळतो. तेवढ्यासाठीसुद्धा ते करण्यासारखे आहेत.

मॅट विकत आणायची गरज नाही. सोलापूरच्या घरात चादरींना काय तोटा! जाडशी सोलापुरी चादर चौपदरी घालून अंथरा. वेळ शक्यतो सकाळी सातच्या आतली. एप्रिल-मे महिन्यात इथला पारा चाळिशी ओलांडतो आणि संध्याकाळी तापलेला स्लॅब खोलीत आग ओकत असतो. गच्चीवर झोपत असाल तर अंथरूण गुंडाळण्याआधीच उरकून घ्या.

पहिली पायरी सगळ्यात महत्त्वाची, आणि लोक नेमकी तीच गाळतात. उताणे झोपा, गुडघे वाकवून तळपाय जमिनीवर टेकवा. कमरेखालच्या पोकळीत एक हात सरकवा. आता तोंडाने सावकाश श्वास सोडत बेंबी आत ओढा आणि कमरेने तो हात हलकेच दाबा. हातावर येणारा हा दाब लक्षात ठेवा, पुढच्या व्यायामात तो टिकवायचा आहे.

आता हात काढून दोन्ही हात छताकडे सरळ करा. पाय उचला, गुडघे काटकोनात. श्वास सोडत उजवा हात डोक्यामागे आणि डावा पाय समोर, जमिनीच्या दिशेने न्या. श्वास घेत परत या, मग दुसरी बाजू. जिममध्ये याला ‘डेड बग’ म्हणतात. दिसायला पोरखेळ वाटतो, पण नीट केला तर सहाव्या-सातव्या वेळी पोट थरथरायला लागतं. कंबर चादरीवरून उचलली गेली की समजा, पाय फार खाली गेला. पुढच्या वेळी तिथवर नेऊ नका. प्रत्येक बाजूने आठ वेळा.

मग प्लँक. पालथे व्हा, कोपर खांद्याच्या बरोबर खाली, चादरीवर, आणि अंग वर उचलून धरा. पावलं मात्र उघड्या फरशीवर, म्हणजे घसरणार नाहीत. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग एका रेषेत. सुरुवातीला वीस सेकंद पुरे. कंबर खाली लोंबकळू लागली की थांबा, कारण त्यापुढचे सेकंद पोटाचे नसून पाठीच्या दुखण्याचे असतात. त्यानंतर एका कुशीवर वळून साइड प्लँक, म्हणजे कोपर आणि गुडघे टेकवून कंबर वर उचलून धरणं, दोन्हीकडे पंधरा-पंधरा सेकंद. शेवटी सेतुबंधासन, म्हणजे उताणे झोपून, गुडघे वाकवून कंबर वर उचलणं, दहा वेळा. या सगळ्याच्या दोन फेऱ्या. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस सोडून.

रोज शंभर सिट-अप्स मारणाऱ्यांचं मला नवल वाटतं. मान ओढली जाते, कंबर धरते, आणि काम बरंचसं मांड्यांच्या मुळाशी असलेले स्नायूच करतात.

चरबीचा हिशेब चालण्यात आणि ताटात आहे. आठवड्याला दीडशे मिनिटं झपझप चाला. सिद्धेश्वर तलावाचा परिसर सकाळी त्यासाठी छान. शेंगाचटणी सोडा, असं सांगायची माझी हिंमतही नाही. पण शंभर ग्रॅम शेंगदाण्यांत साडेपाचशेच्या वर कॅलरी असतात, तेव्हा कडक भाकरीबरोबर चमचाभर घ्या, वाटीभर नको. वरून ओतलेलं तेलही मोजा.

हर्निया, गरोदरपण, नुकतंच झालेलं बाळंतपण किंवा पोटाचं ऑपरेशन असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. रक्तदाब असणाऱ्यांनी श्वास कोंडून धरू नये.

प्लँक चाळीस-पंचेचाळीस सेकंद सहज जमू लागला की वेळ वाढवत बसू नका. त्याच स्थितीत एकेक पाय वीतभर उचला आणि पुन्हा वीस सेकंदांपासून सुरू करा.