मऊ, मंद, निवांत: इंग्रजीत हे नीट कसं सांगायचं

मराठीत आपण विचार न करता बरोबर शब्द उचलतो, इडली लुसलुशीत, दिवा मंद, पाणी कोमट, साबण सौम्य, आणि कुणी थोपटलं तर हळुवार. इंग्रजीत शिरलो की मात्र सगळ्याला सॉफ्ट, नाइस नाहीतर कूल, एवढ्यावरच गाडी अडते. रोजच्या बोलण्यात चालून जातं, पण आयईएलटीएसच्या, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यायच्या इंग्रजीच्या परीक्षेच्या, स्पीकिंगला नाही चालत, तिथे चार निकषांवर मार्क देतात आणि त्यातला एक अख्खा शब्दांवर असतो, म्हणजे पाव हिस्सा तिथेच गेला. त्यात ओळखीच्या माणसाचं वर्णन करा हा प्रश्न तर नेहमीचाच, एक मिनिट तयारीला आणि मग दोन मिनिटांपर्यंत सलग बोलायचं.

सगळ्यात आधी, नेटवर त्या "शांत माणसासाठी 50 शब्द" टाइप याद्या फिरतात त्या पाठ करू नका. सुटा शब्द डोक्यात राहत नाही आणि राहिलाच तर चुकीच्या जागी बाहेर पडतो. शब्द जोडीनेच उचलायचा. ब्रीझबरोबर जेंटल, करीबरोबर माइल्ड, स्मेलबरोबर फेंट, फ्लेवरबरोबर सटल, हेडेकबरोबर स्लाइट. वहीत लिहिताना पण जोडीच लिहा, अर्थ मराठीत लिहिला नाही तरी चालेल.

वाऱ्याचंच बघा, कारण तिथे हे शब्द चक्क मोजून दिलेत. फ्रान्सिस ब्यूफोर्ट नावाच्या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने 1805 च्या सुमारास वाऱ्याची पट्टी बनवली, ती सुधारून आजही वापरतात. त्यात लाइट ब्रीझ म्हणजे ताशी 6 ते 11 किमी, चेहऱ्याला वारा लागतो आणि पानं सळसळतात. त्याच्या वरची पायरी जेंटल ब्रीझ, 12 ते 19 किमी, पानं आणि बारीक फांद्या सतत हलत राहतात, हलका झेंडा फडकतो. म्हणजे लाइट हा जेंटलपेक्षाही हलका. पावसाचं पण तसंच, आपल्या हवामान खात्याचा लाइट रेन म्हणजे 24 तासांत 2.5 ते 15.5 मिमी, तेवढ्यात दोरीवरचे कपडे चांगले भिजतात हं. आपली भुरभुर सांगायची असेल तर ड्रिझल म्हणा.

स्पर्शाला सॉफ्ट चालतो पण तो फार ढोबळ आहे. हात फिरवल्यावर खडबडीत लागत नाही ते स्मूद, पैठणीसारखं घसरतं ते सिल्की, मखमलीसारखं दाट ते व्हेल्व्हेटी, दाबल्यावर फुगून वर येतं ते फ्लफी. बाळाच्या डोक्यावरची बारीक लव असते ना, तिला डाउनी. आणि सूदिंग हा शब्द लोक कशालाही लावतात, म्युझिक सूदिंग, कलर सूदिंग, चूक नाही ते, पण त्याची खरी मजा आधी काहीतरी त्रास असेल तेव्हा येते, उन्हाने भाजलेल्या त्वचेवर लोशन सूदिंग, रडणाऱ्या पोराला आजीचा आवाज सूदिंग.

खाण्यात माइल्ड म्हणजे कमी तिखट, एवढं सरळ. मेलो वेगळा, तो मुळात पिकलेल्या फळाचा शब्द, आंबा आढीत नीट मुरला की त्याचा आंबटपणा जाऊन गोडवा उरतो तसं काहीतरी. म्हणून तो मुरलेल्या चीजला लागतो, संध्याकाळच्या उजेडाला लागतो, आणि माणसालाही लागतो. तरुणपणी तापट असलेले काका साठीनंतर निवळले तर ही हॅज मेलोड विथ एज. हे वाक्य पाठ केलंत तरी हरकत नाही, परीक्षेत कुठेही बसतं.

कोमटला ल्यूकवॉर्म, पण हा शब्द पाण्यापुरताच साधाभोळा आहे. ल्यूकवॉर्म रिस्पॉन्स म्हटलं की लोकांनी फारसा उत्साह दाखवला नाही असा अर्थ. उलट वॉर्म हा माणसासाठी मस्त शब्द, वॉर्म पर्सन म्हणजे मायाळू.

डॉक्टरकडे हे शब्द जास्त कामाला येतात, खास करून बाहेरदेशी असाल तर. मुंग्या आल्या तर मुंग्यांचं भाषांतर करत बसू नका, पिन्स अँड नीडल्स किंवा टिंगलिंग म्हणा. बारीक बारीक दुखत राहतं ते डल एक (dull ache), ठणका लागतो ते थ्रॉबिंग, एकदम चमक येऊन जाते ते ट्विंज, चुरचुरतं ते स्टिंगिंग. हलकी चक्कर म्हणजे लाइट-हेडेड. रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने 1975 मध्ये मॅगिल पेन क्वेश्चनेअर नावाची प्रश्नावली छापली, त्यात दुखण्याचे 78 शब्द 20 गटांत लावलेत आणि प्रत्येक गटात सौम्य ते तीव्र असा चढता क्रम. तुम्ही पण अशाच छोट्या शिड्या बनवा, फेंट, सॉफ्ट, क्लिअर, लाउड अशी आवाजाची, कूल, चिली, कोल्ड, फ्रीझिंग अशी गारव्याची, चार शब्दांची शिडी पन्नासच्या यादीपेक्षा जास्त उपयोगी पडते.

आता माणसं. इथे आपली मराठी आडवी येते. त्याचा स्वभाव शांत आहे, म्हणून आपण हिज नेचर इज काम (calm) म्हणतो. समजतं सगळ्यांना, पण इंग्रजीत स्वभाव मध्ये आणायची गरजच नसते, ही इज काम, संपलं. सायलेंट पर्सन पण नको, कमी बोलणारा तो क्वाएट, आणि हळू आवाजात बोलणारा सॉफ्ट-स्पोकन. नुसतं सॉफ्ट म्हटलंत तर कुणीही गुंडाळून ठेवावं असा लेचापेचा वाटू शकतो. कूल-माइंडेड हे तर आपणच इथे तयार केलेलं प्रकरण, त्याऐवजी कूल-हेडेड किंवा लेव्हल-हेडेड. साध्या माणसाला सिंपल म्हणू नका, ऐकणाऱ्याला बुद्धीने जरा कमी असं वाटण्याची शक्यता असते, डाउन-टू-अर्थ किंवा अनअझ्युमिंग म्हणा. आणि लग्नाच्या जाहिरातीतला तो होमली! आपल्याकडे घरगुती वळणाची मुलगी, अमेरिकेत दिसायला सुमार. एनआरआय स्थळ असेल तर तो शब्द आधी खोडा.

शांत आणि निवांत यात पण गल्लत होते. धोनीला कॅप्टन कूल म्हणायचे, शेवटच्या ओव्हरलाही चेहऱ्यावरची रेष हलत नसे, हा कंपोज्ड, अनफ्लॅपेबल. दडपण आहे, पण हा ढळत नाही. आपला अजिंक्य रहाणे घ्या, 2020 च्या डिसेंबरमध्ये ॲडलेडला टीम 36 वर ऑलआउट, विराट घरी परतलेला, आणि याने मेलबर्नला कॅप्टन म्हणून 112 काढले, पुढे सिरीजही 2-1 ने जिंकली. सॉफ्ट-स्पोकन, अनअझ्युमिंग, कंपोज्ड, तिन्ही शब्द एका माणसावर फिट. आता यांना लेड-बॅक म्हणून बघा, काहीतरी बिनसतं ना? लेड-बॅक म्हणजे ज्याला दडपण मुळात जाणवतच नाही, पाय पसरून बसलेला. ईझीगोइंग त्याच्या शेजारचाच पण जास्त गोड, कुठेही न्या, काहीही खायला द्या, कुरकुर नाही. बॅटिंगमधली ती आळसावलेली नजाकत सांगायला इंग्लिश कॉमेंटेटर लँग्विड वापरतात, इंग्लंडचा जुना बॅट्समन डेव्हिड गावर, त्याला तो शब्द कायमचा चिकटलाय. क्रिकेटची कॉमेंट्री ऐका राव, असे शब्द शिकायला यापेक्षा स्वस्त क्लास नाही.

फ्लेगमॅटिक हा एक जुना शब्द आहे, सहजासहजी न भडकणारा, थंड. तो आलाय फ्लेम म्हणजे कफावरून, जुन्या ग्रीक वैद्यकात चार द्रव मानायचे त्यातला एक. कफ प्रकृतीची माणसं शांत असं आपल्याकडेही म्हणतातच, त्यामुळे हा मराठी माणसाला लगेच लक्षात राहतो. बोलताना मात्र फार वापरू नका, पुस्तकी वाटतो.

एक गोष्ट तपासायची सवय लावा, शब्द कौतुकाचा आहे की टोमण्याचा. केअरफ्री म्हणजे बिनधास्त, केअरलेस म्हणजे बेफिकीर. रिलॅक्स्ड चांगला, कॉम्प्लेसंट वाईट, हा आपल्यातच खूश, पुढचा धोका दिसत नाही असा. लाइट स्लीपर हा निवांत झोपणारा नाही, जरा खुट्ट झालं की उठणारा. ऑक्सफर्ड, केंब्रिजच्या शिकणाऱ्यांसाठीच्या डिक्शनऱ्या फुकट ऑनलाइन आहेत, त्यात अशा बऱ्याच शब्दांपुढे डिसॲप्रूव्हिंग असं लिहिलेलं असतं, तेवढं बघूनच शब्द उचला.

परीक्षेसाठी नमुना हवा असेल तर असं काहीतरी: माय ग्रँडफादर इज अ सॉफ्ट-स्पोकन मॅन. नथिंग रफल्स हिम. ही यूज्ड टू बी क्विक-टेम्पर्ड, बट ही हॅज मेलोड विथ एज, अँड हिज व्हॉइस इज सो सूदिंग दॅट द बेबी फॉल्स अस्लीप इन हिज लॅप. यात अवघड शब्द एकही नाही, पण प्रत्येक शब्द आपल्या जागेवर आहे. हे असंच्या असं पाठ करू नका, आजोबांच्या जागी तुमची मावशी टाका आणि तिच्याबद्दल जे खरं आहे तेच सांगा, मध्येच अडकलात तरी पुढचं आपसूक सुचतं.

ऑफिसात मात्र जपून. सीव्हीत किंवा अप्रेझलच्या फॉर्मवर स्वतःला लेड-बॅक, ईझीगोइंग लिहू नका, मॅनेजर त्याचा अर्थ काम ढकलतो असा काढेल. तिथे काम (calm) अंडर प्रेशर किंवा ईव्हन-टेम्पर्ड लिहा. आणि जेंटल रिमाइंडर एकदाच पाठवा, तिसऱ्या मेलच्या सब्जेक्टमध्ये पण जेंटल असेल तर समोरच्याला दात-ओठ खाल्लेले बरोबर ऐकू येतात.