व्याजाशिवाय उमरा: पैसे कसे जमवावेत आणि टूरचा कागद कसा वाचावा

परभणीत आमच्या गल्लीतून कुणी उमऱ्याला निघालं की निम्मी गल्ली स्टेशनवर जाते. गळ्यात हार पडतात, लहान पोरं बॅगांवर बसून घेतात आणि गाडी हलेपर्यंत "दुआ में याद रखना" चालूच असतं. पैसे कुठून आणले, हे मात्र त्या वेळी कुणी विचारत नाही. गेल्या काही वर्षांत मला ते कळत गेलं. कुणी बायकोची पोत गहाण ठेवून सोन्यावर कर्ज काढलं, कुणी क्रेडिट कार्ड घासलं, तर एकाने घराशेजारचा प्लॉट पडेल त्या भावात विकला. ज्या व्याजाला आपण हराम म्हणतो तेच भरत अल्लाहच्या घरी जायचं, हे मला बघवत नाही. म्हणून हा लेख.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: हज वर्षातल्या ठरावीक दिवसांतच होतो, उमरा ही मक्केची यात्रा एरवीही करता येते. हनफी मतानुसार, म्हणजे आपल्याकडच्या बहुतेकांच्या मतानुसार, उमरा फर्ज (सक्तीचा) नाही, सुन्नत (पैगंबरांची रीत) आहे. तेव्हा त्यासाठी कर्जात उतरायची सक्ती कुणावरच नाही. घरात कुणी घाई करत असेल तर ही गोष्ट आधी शांतपणे सांगा.

आधी आकडा, मग नियत जाहीर करा

आपल्याकडे आधी पाहुण्यारावळ्यांत सांगून टाकतात आणि मग लाजेखातर कर्ज काढतात. उलट करा. तीन टूरवाल्यांकडून लेखी दर घ्या. रमजानचा दर वेगळा मागा, कारण रमजानात, त्यातही शेवटच्या दहा दिवसांत, हॉटेलं सगळ्यात महाग असतात. दरात पासपोर्ट, घरापासून विमानतळापर्यंतचा खर्च आणि तिथला हातखर्च मिळवा.

समजा माणशी आकडा 1,20,000 आला. पगारदाराला 24 महिने 5,000 बाजूला काढावे लागतील. शेतकऱ्याच्या घरात महिन्याचा हिशोब चालत नाही. तिथे आडतीवरून पट्टी येते तेव्हाच पैसा दिसतो. दोन वर्षांत सोयाबीनच्या दोन आणि कापसाच्या दोन अशा चार पट्ट्या धरा आणि प्रत्येकीतून 30,000 काढा. पट्टी हातात आल्या दिवशीच काढा, कारण आठवडा गेला की ती खताच्या उधारीत जाते. एखादं वर्ष कोरडं गेलं तर दोनाची तीन वर्षं होतील. होऊ द्या.

मलेशियातल्या खेड्यांत हेच दुखणं होतं. माणसं जमीन आणि जनावरं विकून हजला जायची आणि परत आल्यावर कंगाल व्हायची. उंगकू अझीझ नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1959 मध्ये यावर योजना मांडली. त्यातून 1963 मध्ये हजसाठी बिनव्याजी बचत करणारी संस्था उभी राहिली. ती पुढे 'ताबुंग हाजी' म्हणून जगभर माहीत झाली. इस्लामी अर्थव्यवहारावर लिहिणारे आजही तिचा दाखला देतात, आणि तिची सुरुवात गरीब यात्रेकरूपासून झाली हे मला फार मोलाचं वाटतं.

पैसा कुठे ठेवायचा

भारतात अशी संस्था नाही, इस्लामी बँकही नाही. रघुराम राजन समितीने 2008 मध्ये बिनव्याजी बँकिंगची शिफारस केली होती, पण तो प्रस्ताव पुढे न्यायचा नाही असं रिझर्व्ह बँकेने ठरवल्याचं 2017 मध्ये स्पष्ट झालं. त्यामुळे आहे त्यातूनच वाट काढायची.

साधं बचत खातं उघडा, फक्त उमऱ्याच्या पैशासाठी. वारसाचं नाव लावा. जमा होणारं व्याज पासबुकात वेगळं दिसतंच. ते वहीत टिपून ठेवा आणि सवाबची (पुण्याची) अपेक्षा न धरता गरजूला देऊन टाका, असं बहुतेक उलमा (धर्माचे जाणकार) सांगतात. सरासरी 60,000 शिल्लक आणि अडीच टक्के दर धरला तर वर्षाचं व्याज 1,500 होतं. आरडी आणि एफडी टाळा, तिथे सगळा व्यवहारच व्याजाचा. शरियाच्या चाळणीतून गेलेले शेअरचे फंडही आहेत, उदाहरणार्थ टाटा एथिकल. दारू, तंबाखू, व्याजावर चालणाऱ्या बँका अशा कंपन्यांत ते पैसा घालत नाहीत. पण शेअर बाजार दोन वर्षांत वर जाईल की खाली, हे कुणाच्या हातात नाही. उमऱ्याची तारीख ठरलेली असेल तर मी तिकडे जाणार नाही.

आणि भिशी? भिशीवर आपल्या बायकांचा फार जीव. व्याज नसलेली भिशी शरियतच्या दृष्टीने बहुतेकांना मान्यही आहे. पण कायद्याच्या भाषेत भिशी म्हणजे चिटच. चिट फंड कायदा 1982 चा आहे आणि नोंदणीशिवाय चिट चालवणं त्याखाली गुन्हा ठरतं. शिवाय पहिल्या दोन पाळ्या उचलून कुणी हप्ते थांबवले तर शेवटच्या पाळीवालीचा उमरा बुडतो. आमच्या पाचजणींनी म्हणून वेगळी रीत काढली. पैसे एकत्र करायचेच नाहीत. प्रत्येकीचं खातं तिचं स्वतःचं. महिन्याच्या पहिल्या रविवारी असरच्या नमाजनंतर आम्ही कुणा एकीच्या घरी बसायचो आणि चहाच्या आधी पाचही पासबुकं चटईवर उघडी ठेवायचो. ज्या महिन्यात माझी ओळ कोरी होती, त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, पण समीना आपांनी माझं पासबुक उचलून पाहिलं आणि हळूच परत ठेवलं. पुढच्या महिन्यात मी दोन हप्ते भरले.

जकात, म्हणजे बचतीतून द्यायचं सक्तीचं दान, विसरू नका. उमऱ्यासाठी ठेवलेला पैसाही पैसाच. तुमची एकूण बचत निसाबच्या वर, म्हणजे साडेबावन्न तोळे (612 ग्रॅम) चांदीच्या त्या दिवशीच्या भावापेक्षा जास्त असेल आणि चांद्र वर्ष पूर्ण होत असेल, तर अडीच टक्के द्यावे लागतात. 1,20,000 वर 3,000. हे आकड्यात आधीच धरा.

'आता जा, नंतर भरा' म्हणणाऱ्यांचं काय

हप्त्याने पैसे घेणारा प्रत्येक जण व्याजच घेतो असं नाही. टूरवाल्याने रोखीचा दर लाख आणि बारा हप्त्यांचा दर एक लाख दहा हजार सांगितला, आणि तो आकडा पहिल्याच दिवशी कायमचा ठरला, तर बहुतेक उलमा त्याला उधारीची विक्री मानतात. ती जायज आहे. पण हप्ता चुकला की रक्कम वाढते असं कागदावर असेल, किंवा पैसे देणारी तिसरीच वित्त कंपनी असेल आणि तिच्या कागदावर टक्के लिहिलेले असतील, तर ते सरळ व्याज आहे. तेव्हा सही करण्याआधी दोनच प्रश्न विचारा: मी कुणाचा देणेकरी होणार, आणि उशीर झाला तर आकडा बदलणार का? उत्तर तोंडी नको. शंका राहिली तर कागद घेऊन आपल्या आलिमांकडे जा.

भावाकडून किंवा मेहुण्याकडून कर्ज-ए-हसना, म्हणजे बिनव्याजी उसने, घेतलंत तर तेही लिहा. कुराणातली सगळ्यात मोठी आयत, सूरह बकराची 282वी, उधारीचा व्यवहार लिहून ठेवावा आणि साक्षीदार घ्यावेत, हेच सांगते. "आपल्यात लिहायचं काय" असं जो म्हणेल त्याला ती दाखवा.

टूरचा कागद

इथे मी जरा थांबून बोलणार आहे, कारण आपली चूक इथेच होते.

व्याजाबद्दल आपण जागरूक असतो. पण शरियतने व्यवहारात दुसरीही एक गोष्ट मना केली आहे: गरर, म्हणजे सौद्यातली मोघमता. काय विकलं आणि काय घेतलं हेच स्पष्ट नसेल तर तो सौदा बिघडलेला. इस्लामी अर्थव्यवहाराचे अभ्यासक यावर पानंच्या पानं लिहितात. हलाल पर्यटनावर लिहिणारे मात्र बहुतेकदा जेवण, नमाजची सोय, दारू नसणं, बायकांसाठी आडोसा एवढ्यावर थांबतात. माझ्या मते टूरचा कागद हा त्या हलालचाच भाग आहे. आपल्याकडे लोक हॉटेलातलं मटण हलाल आहे का हे दहादा विचारतात, आणि हॉटेल कुठलं हे एकदाही विचारत नाहीत.

माझ्या खालांना (मावशींना) एका टूरवाल्याने सांगितलं होतं, "हरम के बिल्कुल पास." हरम म्हणजे मक्केची मोठी मशीद. पैसे रोख, पावती नाही. मक्केत पोहोचल्यावर कळलं की हॉटेलापासून बसने जावं लागतं आणि बस नमाजच्या वेळी भरून येते. खाला सत्तरीच्या, दोन्ही गुडघे गेलेले. फोनवर म्हणाल्या, "बेटा, फजर रूममेंच पढ्या." चौदा दिवसांतल्या कितीतरी नमाजा त्यांनी हॉटेलच्या खोलीत पढल्या. परत आल्यावर टूरवाल्याला जाब विचारला, तर तो म्हणाला, "पास ही तो था." 'पास' म्हणजे किती, हे लिहिलेलंच नव्हतं. भांडणार कशावर?

म्हणून पैसे देण्याआधी टूरवाल्याच्या लेटरहेडवर हे लिहून घ्या: मक्का आणि मदिना दोन्हीकडच्या हॉटेलांची नावं, अंतर मीटरमध्ये, एका खोलीत किती माणसं. 'किंवा तत्सम हॉटेल' असं छापलेलं असेल तर 'त्याच अंतरातलं' एवढे शब्द पेनाने वाढवून सही घ्या. विमान थेट की मधे थांबून, मधे किती तास. दोन वेळचं जेवण की तीन. जियारत, म्हणजे पवित्र ठिकाणांच्या भेटी, कुठल्या कुठल्या. व्हिसा नाकारला गेला किंवा घरात मयत झाली तर किती पैसे परत आणि किती दिवसांत. सांगितलेलं हॉटेल खरंच किती लांब आहे, हे मोबाईलच्या नकाशावर पोराला बघायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.

"हे सगळं मागितलं तर टूरवाला नाराज होईल" असं बायका म्हणतात. जो नाराज होईल त्याच्याकडे जाऊ नका.

पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. पॅन कार्ड लागेल, कारण परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस, म्हणजे टूरवाला आधीच वसूल करतो तो आयकर, घेतला जातो. तो आयकर विवरणपत्र भरून जमा धरता किंवा परत मागता येतो, म्हणून त्याचं प्रमाणपत्र मागून घ्या. हज कमिटीचं नाव सांगून कुणी उमऱ्याचे पैसे मागत असेल तर सावध व्हा. ती कमिटी हजचं बघते, उमऱ्याच्या टूर खासगी असतात. फसवणूक झाली तर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. पण तिथेही कागदच विचारतात.

नाव

हे छोटं वाटतं, पण आपल्या भागात यानेच जास्त अडतं. आधारवर 'शेख रशीद शेख अहमद', शाळेच्या टीसीवर 'शे. रशीद', रेशन कार्डावर 'शैख रशिद'. बाईचं कुठे 'बी', कुठे 'बेगम'. पैसे जमवायला सुरुवात करता त्याच महिन्यात आधार आणि पॅन एकसारखे करून घ्या आणि मगच पासपोर्टचा अर्ज भरा. आडनावाची जागा कोरी सोडू नका. 36 पानी साध्या पासपोर्टची फी 1,500 आहे, आणि प्रवासाच्या तारखेला त्याची मुदत सहा महिन्यांहून जास्त उरलेली असावी.

कुठून निघायचं

नांदेड, उदगीर, देगलूरकडच्यांनी हैदराबादहून दर मागून बघावा. संभाजीनगर, जालना, बीडकडच्यांना मुंबई बरी. परभणीकरांनी दोन्ही तपासावेत, रेल्वे दोन्हीकडे जाते. म्हातारी माणसं सोबत असतील तर विमानाच्या आदल्या दिवशीच त्या शहरात पोहोचा आणि त्या रात्रीच्या मुक्कामाचा खर्च वहीत आधीच लिहा.

त्या वहीच्या शेवटच्या पानावर दोन रकाने आखा: कुणाचं किती देणं आहे, आणि व्याजाचे किती रुपये अजून द्यायचे राहिलेत. दोन्ही निघण्याआधी शून्यावर आणा. एखादं देणं राहिलंच, तर ज्याचं आहे त्याला सांगून, त्याची परवानगी घेऊन निघा आणि वही घरात अशा जागी ठेवा की मागच्यांना सापडेल. माझी अम्मींच्या पितळी डब्याखाली होती.