वावरात जाणाऱ्या बाईची चप्पल: या चुका टाळा

परवा बाजाराच्या दिवशी एका काकूंनी पायातली चप्पल काढून माझ्या काउंटरवर ठेवली. टाचेखालचा तळवा झिजून पापडासारखा झालेला, अंगठ्याजवळचं भोक फाटलेलं आणि पट्टा निसटू नये म्हणून खालून सेफ्टी पिन अडकवलेली. "पट्टा तेवढा बदलून दे माय, दिवाळीवर चालते," त्या म्हणाल्या. मी चप्पल उलटी करून पाहिली. धसकटांची दोन भोकं आरपार गेलेली, आणि मधोमध बाभळीचा काटा मोडून रुतलेला. त्याच चपलेवर त्यांनी अख्खं सोयाबीन सोंगलं होतं.

हिंगणघाटकडच्या आमच्या गावात मी चपलेचं दुकान चालवते, त्याला आता अकरा वर्षं झाली. विळ्याला धार लावतात, फवारणीचा पंप धुऊन ठेवतात, बैलाच्या खुरांकडेही लक्ष असतं. बाईची चप्पल हेही रोजच्या कामाचं अवजारच आहे, पण तिच्याकडे कोणी पाहत नाही. घरातल्या सगळ्यांची खरेदी झाल्यावर उरलेल्या पैशात ती येते. दुकानात ज्या चुका रोज दिसतात, त्या इथे सांगते.

माप दुसऱ्याचं, पाय आपला

"मले पाच नंबर दे, पोरीच्याबी पायात होते." हे वाक्य मी दर बाजाराला ऐकते. आई आणि लेक मिळून एक जोड, किंवा घरधन्याची जुनी चप्पल बाईच्या पायात. आपल्याकडचे नंबर ब्रिटिश मापाचे असतात आणि एका नंबरामागे लांबीत जवळजवळ साडेआठ मिलिमीटरचा फरक पडतो. चप्पल दोन नंबरांनी मोठी झाली, तर ती पायात धरून ठेवायला बोटं सतत आवळावी लागतात. दिवसभर धुऱ्यावरून तसं चाललं की पोटऱ्या भरून येतात, बोटांवर कुरूप होतं आणि ओल्या जागेवर पाय सटकतो. लहान चप्पल आणखी वाईट. टाच मागे बाहेर लोंबते, तिच्या कडेवर भार येतो आणि भेगा खोल जातात.

माप घ्यायची रीत सोपी आहे. संध्याकाळी, काम झाल्यावर, कागदावर उभं राहा आणि पेन्सिल उभी धरून पायाभोवती रेघ मारून घ्या. बसून नाही, उभं राहूनच, कारण भार पडला की पाय पसरतो. दिवसभराच्या कामानं पाय थोडा सुजतो, म्हणून संध्याकाळचं माप खरं. दोन्ही पायांचं घ्या, ते क्वचितच सारखे असतात, आणि जो मोठा भरेल त्याचा नंबर धरा. काहींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं. ज्या बोटाची लांबी जास्त, त्याच्या पुढे साधारण एक सेंटिमीटर तळवा उरला पाहिजे. बाजाराला स्वतः येता येत नसेल, तर तो कागद पाठवा. सुतळीला गाठ मारून माप पाठवणाऱ्या बाया अजून आहेत, पण सुतळीवर रुंदी कळत नाही.

नवी चप्पल पहिल्याच दिवशी वेचणीला घालू नका. दोन-तीन दिवस घरात तास-दोन तास वापरा. अंगठ्याच्या बेचक्यात पट्टा चावत असेल, तर तिथे मऊ सुती चिंधी गुंडाळा. फोड आला तर फोडू नका.

काळी माती आणि तुटलेला पट्टा

पावसाळ्यात दुकानात सगळ्यात जास्त येते ती अंगठ्याजवळून पट्टा उपटलेली चप्पल. आपली काळी माती चप्पल धरून ठेवते. बाई झटका देऊन पाय वर ओढते आणि सगळा जोर पट्ट्याच्या खालच्या गोल टोकावर येतो. चप्पल रुतली की आधी पाय बाहेर काढा, मग वाकून तळव्याला धरून चप्पल सोडवा. वेळ तेवढाच लागतो, चप्पल मात्र टिकते.

खरं सांगायचं तर चिखलात अंगठ्याची चप्पल घालूच नये. मागे पट्टा असलेली, एकसंध ओतीव पावसाळी सँडल घ्या. तिच्या खालची नक्षी रुंद खाचांची हवी. बारीक, दाट खाचा असल्या की त्यात माती भरते आणि तळवा गुळगुळीत होऊन घसरतो. लागलेली माती ओली असतानाच गवतावर घासून काढा. वाळली की ती दगड होते, आणि मग बाया ती विळ्यानं खरवडतात. त्यात तळव्याला चिरा पडतात.

पट्ट्याच्या टोकाखाली सेफ्टी पिन किंवा खिळा लावण्याची सवय सोडा. पिन गंजते, उघडते आणि तळपायात शिरते. तळव्याचं भोक शाबूत असेल तर नवा पट्टा बसवा. टोकाला साबणाचं पाणी लावलं की ते भोकातून सहज ओढलं जातं. तेल किंवा रॉकेल लावू नका, त्यानं रबर फुगतं आणि कमजोर होतं. भोकच फाटलं असेल तर पट्टा बदलण्यात पैसे घालू नका. काकूंनाही मी हेच सांगितलं.

तळव्याचे थर सुटले, तर झटकन चिकटणारी ट्यूब कामाची नाही. ती वाळून काचेसारखी कडक होते आणि चप्पल वाकली की तडकते. रबरी चपलेला पंक्चरवाल्याकडचं सोल्युशन चांगलं धरतं. दोन्ही बाजू खरखरीत कागदानं घासा, पातळ थर द्या, हाताला चिकटेनासा होईपर्यंत थांबा आणि मगच दाबा. घाई केली की सुटतं. फोमच्या हलक्या चपलेला हे सोल्युशन फारसं धरत नाही, ती शिवून घ्या.

ऊन, पत्रा आणि पेटी

मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, पत्रा तर त्याहून कितीतरी जास्त तापतो. धुतलेली फोमची चप्पल पत्र्यावर वाळत टाकली की ती आकसते. सहा नंबरची पाचची झालेली मी पाहिली आहे. आकसलेली चप्पल पुन्हा पहिल्यासारखी होत नाही, त्यामुळे यावर उपाय एकच: सावलीत, वाऱ्यावर वाळवा. कढत पाण्यानंही धुऊ नका. रबराचं उन्हानं वेगळं नुकसान होतं, ते कडक होऊन चिरतं. घासायला साधा साबण आणि जुना ब्रश पुरे. वास जात नसेल तर रात्रभर खायचा सोडा भुरभुरून ठेवा.

चामड्याची चप्पल भिजली तर आत कागदाचे बोळे भरून सावलीत ठेवा, चुलीजवळ नको. आपल्याकडे घरात जवसाचं तेल असतं म्हणून तेच चामड्याला चोपडतात. जवसाचं तेल हवेत वाळून घट्ट होतं आणि चामडं ताठरतं. एरंडेलाचे दोन थेंब कपड्यावर घेऊन चोळा.

आणि लग्नातली चप्पल. माझ्या नणंदेनं तिची लग्नातली उंच टाचेची सँडल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून पेटीत ठेवली होती, कुठे फुटू नये, धूळ लागू नये म्हणून. सहा वर्षांनी दिराच्या लग्नात काढली आणि मांडवात पोहोचेपर्यंत टाच भुगा होऊन गळली. वऱ्हाडात ती अनवाणी फिरली. तो तळवा ज्या मालाचा असतो, त्याला पीयू (पॉलियुरेथेन) म्हणतात. हवेतला ओलावा त्याला आतून कुजवतो, वापरली नाही तरी. पिशवीत बांधून ठेवली की ओल आतच कोंडते. अशी चप्पल जपून ठेवू नका, घाला. अधूनमधून घालायची असेल तर कापडी पिशवीत ठेवा आणि वर्षातून दोनदा तरी वारा द्या.

फवारणीची चप्पल घरात नको

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतमजूर दगावले. पंप बहुतेक वेळा माणसाच्या पाठीवर असतो, पण औषध कालवायला पाणी आणून देते ती बाई, आणि सांडतं ते तिच्याही पायावर. त्या कामाला पाय झाकणारे रबरी बूट हवेत. ते नसतील तर निदान एक जोड त्याच कामाला वेगळा ठेवा, वावरातच धुवा आणि ओसरीवर आणू नका. कापडी किंवा चामड्याची चप्पल त्या कामाला अजिबात नको. ती औषध शोषून घेते आणि धुतली तरी निघत नाही.

बाहेर ठेवलेली कोणतीही चप्पल आपटून, झटकूनच पायात घाला. विंचवाला ओलसर अंधारी जागा आवडते. गवतात घोणस असते, तिथे चपलेच्या भरवशावर जाऊ नका.

शुगर असलेल्या पायांसाठी

हे सगळ्यात कळकळीनं लिहिते. माझ्या सासूबाईंना शुगर आहे. एकदा त्यांच्या पायातून चप्पल निसटली आणि त्या तशाच अर्धा किलोमीटर चालत आल्या. घरी आल्यावर पायात काच दिसली. त्यांना दुखलंच नव्हतं. शुगरमुळे पायाची जाणीव कमी झालेल्या माणसानं घरातही अनवाणी फिरू नये, आणि अंगठ्याची चप्पल घालू नये.

आपल्या भागात या पायांची चप्पल अनोळखी नाही. वर्ध्याजवळच्या दत्तपूरला १९३६ पासून कुष्ठरुग्णांची सेवा चालते, वरोऱ्याचं आनंदवन तर सगळ्यांना माहीत आहे. जाणीव गेलेल्या पायांसाठी अशा रुग्णांना एमसीआर (मायक्रोसेल्युलर रबर) चप्पल देत आले आहेत. आत मऊ रबर, खाली काटा न शिरणारा टणक तळवा, मागे पट्टा, आणि कुठेही खिळा नाही. शुगरच्या पायालाही तीच उपयोगी पडते. वर्धा किंवा सेवाग्रामला डॉक्टरकडे जाल तेव्हा पाय दाखवून तिच्याबद्दल विचारा.

सासूबाईंचे तळवे आता रोज रात्री जेवणानंतर नातू बॅटरी लावून पाहतो, बोटांच्या बेचक्यांसकट. चिखल्या झाल्या असतील तर त्या तिथेच दिसतात. चप्पलही तो वाकवून पाहतो. वाकवली की रुतलेला काटा वर डोकं काढतो, मग तो खालच्या बाजूनं पकडीनं ओढून घ्यायचा.

डॉक्टरकडे जाताना नवी चप्पल घालून जाऊ नका. रोजची, झिजलेलीच घाला. टाच कोणत्या बाजूला झिजली आणि बोटांचे ठसे कुठे खोल उमटले, यावरून पायाच्या कोणत्या जागेवर भार पडतो ते त्यांना लगेच कळतं.