आठवणी लिहायच्या वर्गात पहिल्यांदा बसताना

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी मी सर्जनशील लेखनाचा पेपर घेतला. पहिलंच काम होतं, 800 शब्दांत घरातल्या माणसाची आठवण. मी बाबांवर लिहिलं. आमची पिठाची गिरणी, त्यांचे कष्ट, त्यांचा शांत स्वभाव. मॅडमनी ते वर्गात मोठ्यानं वाचायला लावलं आणि विचारलं, "यात एक तरी दिवस आहे का?" नव्हता. होती ती नुसती विशेषणं.

नव्यानं या वर्गात येणाऱ्यांना मी हेच आधी सांगते. माणसाबद्दलचं मत आपल्याकडे तयार असतं, म्हणून हात तिकडे वळतो. एक दिवस, एक जागा धरा आणि तिथून हलू नका.

पुढच्या तासाला दहा मिनिटं पेन न उचलता लिहायचं होतं, घरी कधीच न सांगितलेलं काहीतरी. तेव्हा गिरणीतलं पीठ झाडायचा कुंचा आठवला. एकादशीच्या आदल्या दिवशी उपवासाचं दळण असायचं. त्याआधी दाणे ओतायची पेटी, जात्याची कड, पीठ उतरतं ती कापडी नळी, सगळं झाडून घ्यायचं. ते काम माझं. मी नऊ वर्षांची होते, बाहेर मैत्रिणी थांबल्या होत्या. बाबांनी विचारलं, "झाडलंस?" मी मान हलवली. संध्याकाळी एक आजी डबा घेऊन परत आल्या. भगरीच्या पिठात गव्हाचा कोंडा दिसत होता. बाबा म्हणाले, "चूक माझी, झाडायचं राहिलं." मी वजनकाट्यामागे उभी होते, गप्प.

हे वाचलं तेव्हा वर्ग शांत झाला. मग प्रश्न आले. आमच्याकडे नियम होता, लिहिणाऱ्यानं उत्तर द्यायचं नाही, प्रश्न फक्त टिपून घ्यायचे. तोंडी खुलासा केला की तो कागदावर उतरत नाही, म्हणून हा नियम मनापासून पाळा. मला विचारलं गेलं, त्या मुलीला तेव्हा काय वाटलं आणि आज तुला काय वाटतं? मी दोन्ही एकत्र कालवलं होतं. नऊ वर्षांच्या मुलीला मी पश्चात्ताप चिकटवला होता. खरं तर तिला फक्त सुटल्यासारखं वाटलं होतं. त्या आजींचा डबा पुन्हा कधी आला नाही, आणि गल्लीत दुसरी गिरणी निघालेली असताना एक गिऱ्हाईक तुटणं म्हणजे काय, हे मला फार उशिरा कळलं.

हे अंतर कसं राखायचं, ते मला दया पवारांच्या 'बलुतं' या आत्मकथनानं (1978) दाखवलं. तिथे लिहिणाऱ्या दया पवारांना भेटतो तो दगडू मारुती पवार, म्हणजे तेच. जगलेला माणूस आणि लिहिणारा माणूस समोरासमोर. भाषेसाठी मात्र लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' वाचा. पहिला भाग 1934 मधला, पण आजही कुणी शेजारी बसून बोलतंय असं वाटतं. ती वाचल्यावर मी खर्ड्यातले 'परिश्रम', 'वात्सल्य' असले शब्द काढून टाकले. आमच्या घरात ते कुणी बोलतच नाही.

बाकी शुद्धलेखन, मांडणी वगैरे शेवटी जमतं. अवघड आहे ते घरच्यांना दाखवणं. ते टाळू नका, आणि गुण पडायच्या आधी दाखवा. मी आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, ते दळण आषाढीचं होतं, पाऊस होता. माझ्या आठवणीत लख्ख ऊन आहे. मॅडमच्या सल्ल्यानं मी दोन्ही ठेवलं: मला ऊन आठवतं, आई पाऊस सांगते.

बाबांनी स्वतः वाचलं, गिरणी बंद केल्यावर, चष्म्यावरचं पीठ पुसून. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला तेव्हाच कळलं होतं. दळण झाल्यावर कुंचा पाहिला. त्याला पीठच नव्हतं."

माझ्या खर्ड्यात बाबांना काहीच कळलेलं नव्हतं. शेवटचं पान मी पूर्ण नव्यानं लिहिलं. त्यांनी एकच सांगितलं, आजींचं नाव काढ. आता तिथे फक्त 'मागच्या आळीतल्या आजी' आहेत.