गडावर जाताना बाळाची बाटली

नाशिकहून सप्तशृंगी गड साठेक किलोमीटर, वाटेत बाटली उकळणार कुठे? आम्ही आता यूज अँड थ्रो बाटल्या नेतो, जितक्या वेळा पाजायचं तितक्या आणि एक जास्तीची. पाकिटावर निर्जंतुक लिहिलंय ना बघून घ्या, सगळ्याच तशा नसतात.

१. उकळलेलं पाणी थर्मासमध्ये गरमागरम भरा, बाळाच्या दुधाची पावडर कोरड्या डबीत मोजून.

२. भूक लागली की आधी पाणी मग पावडर, पाणी कडकडीत गरमच हवं म्हणजे ७० अंशांच्या वर, मग झाकण लावून हलवा आणि बाटली गार पाण्यात धरा, मनगटावर थेंब टाकून कोमट लागलं की पाजा.

उरलेलं दूध तासाभराने पाजू नका, टाकून द्या, आणि बाटली धुवून परत वापरायची नाही म्हणजे नाहीच.